काटा यायला थंडी लागते

आमच्या वणीची थंडी कुणी मनावर घेत नाही, याचा मला मनापासून राग आहे. मार्गशीर्ष लागला की पेपरात रोज निफाडचं कौतुक. निफाड गारठलं, निफाडला हुडहुडी, द्राक्षाच्या पानांवर दव गोठलं. आणि इथे आमच्या मागच्या अंगणात सकाळी नळाखाली हात धरला, तर ही बोटं आपली की शेजाऱ्याची हे कळत नाही, त्याची कुठे दोन ओळींची बातमी नाही. बोटांचा हा विनोद मी वर्षानुवर्षं करत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र घरात तो एकदाही केला नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. नाशिक-कळवण हा माझा रस्ता, आणि सकाळची पहिली गाडी बहुतेक माझ्याच वाट्याला. हिवाळ्यात त्या गाडीतला लोखंडी दांडा धरला की थंडी हातातून थेट दातांत शिरायची. त्यामुळे निवृत्त होताना मी एकच ठरवलं होतं, की आता हिवाळा अंगावर काढायचा नाही, अंगणात बसून बघायचा. आणि खरं सांगतो, त्यात माझ्याइतका पटाईत माणूस तालुक्यात नसेल. सकाळी उठून तांब्याचा बंब पेटवायचा. मुलाने गच्चीवर सोलर बसवून दिलाय, पण सोलरसमोर हात शेकता येत नाहीत. बंबात घालायला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. आमच्या मागच्या बागेचा मालक त्या दर ऑक्टोबरात पोतं भरभरून आणून टाकतो. त्या पेटल्या की असा काही खमंग वास येतो, की चहाच्या आधीच तरतरी यावी. मग चहा, मग ऊन अंगणात उतरेल तसतशी खुर्ची सरकवत राहायची. अकरापर्यंत माझी खुर्ची तुळशीपासून जिन्यापर्यंत पोचते. एवढा प्रवास मला आता पुरतो.

हा सगळा थाट मी मांडायचो तेव्हा आमची ही त्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात परात घेऊन बसलेली असायची. पौषातल्या थंडीत तिचा हलवा चाले. हलवा म्हणजे शिऱ्याचा भाऊ नव्हे. संक्रांतीचा, तिळाचा, पांढराशुभ्र, काटेरी. मंद निखाऱ्याच्या शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर साखरेचा पाक, आणि तो सुकेपर्यंत बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. असं रोज दोन-तीन तास, चार-पाच दिवस. मग कुठे एकेका तिळाला टोकं फुटतात. त्याला म्हणायचं हलव्याला काटा आला. आमच्या गल्लीत जेवढ्या म्हणून सुना आल्या, त्यातल्या निम्म्यांच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर जे हलव्याचे दागिने होते, ते आमच्या अंगणातून गेलेले.

गेल्या श्रावणात ती मागच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. नाशिकला नेऊन प्लॅस्टर घालून आणलं. हाड जुळलं, पण मनगटातली नस दबली होती, आणि अंगठ्यापासूनची तीन बोटं बधिर झाली. हलत होती, वळत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू भरून येते. येईलही, कदाचित पुरती येणार नाहीही. रोज तांदळात हात घालायचा, टॉवेलवर बोटं फिरवायची, खरखरीत-गुळगुळीत ओळखायचं. तिने दिवाळीपर्यंत नेमाने केलं. मग एक दिवस तांदळाचं पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं, आणि त्याचा भात झाला. मी काही बोललो नाही. खरं म्हणजे बोललो, रोजच बोललो. सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न तोच असायचा माझा, "काही कळतंय का बोटांना?" ती म्हणायची, "नाही."

आता गंमत अशी, की त्याच वर्षी आमच्याकडे सून आली. वैशाखात लग्न झालं, म्हणजे ही तिची पहिली संक्रांत. मुलगा पुण्यात, सूनही तिथेच नोकरीला. पण तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. संक्रांतीला दोन आठवडे होते तेव्हा ती एकटीच बॅग घेऊन आली. म्हणाली, "मी मुंबईत वाढलेय बाबा, मला थंडी म्हणजे काय ते बघायचंय." पहिल्याच सकाळी बघितली. दोन स्वेटर, माझी कानटोपी आणि पायात मोजे घालून बंबाशेजारी बसून राहिली, आणि म्हणाली, "बघून झाली."

त्या दिवशी जेवताना दागिन्यांचा विषय निघाला. सुनेने काढला नाही, बिचारीला तो माहीतही नव्हता. हिनेच सांगितलं, "तुझ्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचे असतात. यंदा आपण विकतचे मागवू." सून म्हणाली, "चालेल की आई, दोन दिवसांत घरपोच येतात." तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण ही ताटातली भाकरी चिवडत राहिली. मग म्हणाली, "आणि हळदीकुंकू तूच कर. बायकांना तूच लाव. मी आत बसेन."

"आत का?" मी विचारलं.

"डाव्या हाताने कुंकू लावू का लोकांच्या बायकांना?" ती म्हणाली. "उजव्या बोटाला कुंकू लागलंय की नाही, कपाळाला टेकलं की डोळ्यात गेलं, मला कळत नाही. सगळ्या जणी सांभाळून घेतील, आणि मग घरी जाऊन हळहळतील. मला ते नको."

चाळीस वर्षं मी तिला हळदीकुंकवाच्या दिवशी घरभर मिरवताना पाहिलं होतं. त्या दिवशी घराची मालकीण तीच असते, मला स्वयंपाकघराच्या दाराच्या पुढे यायची परवानगी नसते. तीच बाई आत बसेन म्हणते, याचं मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी वेडंवाकडं बोलून जातो. म्हणालो, "विकतचे बिकतचे काही नाही. यंदा हलवा मी करणार."

सून हसली. ही हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "करा."

दुसऱ्या सकाळपासून मी कामाला लागलो. चाळीस वर्षं घरात बघितलेलं काम, त्यात काय शिकायचं, असा माझा समज. फक्त ती उघड्यावर गारठ्यात का बसते हे मला कधीच पटलं नव्हतं. बंब पेटलेलाच होता, पडवीचा तो कोपरा उबदार, निखारे हाताशी. मी शेगडी तिथेच बंबाला चिकटून मांडली आणि आरामात पाटावर बसलो. पाक केला, त्यात दुधाचा शिपका देऊन मळी काढली, गाळला, सगळं अगदी तिच्यासारखं. तीळ फिरवले. पहिल्या दिवशी पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी फुगले. तिसऱ्या दिवशी आणखी फुगले. चौथ्या दिवशी परातीत असे गोल गुळगुळीत मणी तयार होते, की काटा औषधालाही नाही.

ती तोवर तिकडे फिरकली नव्हती. चौथ्या दिवशी आंघोळीचं पाणी काढायला आली, बादली खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत राहिली. बंबाच्या वाफेने भिंतीवर थेंब धरले होते.

"तुम्ही हलवा करताय की त्याला आंघोळ घालताय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो, काटा यायला थंडी लागते. कोरडी थंडी. तुम्ही त्याला उबेला घेऊन बसलात, वर वाफ दिलीत. तो कशाला काटे काढेल?"

आणि एवढं बोलून ती हसली. श्रावणापासून तिचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. माझे चार दिवस आणि किलोभर साखर वाया गेली होती, तरी मला बरं वाटलं. ते मणी आम्ही पुढे चहाबरोबर खाल्ले. चवीला काही वाईट नव्हते.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही, कारण बागवाला काड्यांचं राहिलेलं एक पोतं टाकायला आला होता आणि सुनेने ती त्याला रंगवून सांगितली. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "म्हंजे कंडक्टर, तुमच्या हलव्याला बी माझ्या बागेसारखीच हवा लागती म्हना की. कोरडी."

"तुझ्या बागेला थंडी नको असते ना पण?"

"थंडी परवडली. लय झाली तर मनी फुगत नाय, एवढंच. पन आभाळ नको. आभाळ आलं की भुरीचा रोग आला." त्याने वर बघितलं. उत्तरेला देवीच्या गडाच्या अंगाला ढग चढत होते. "नाव घेतलं अन् आलंच बघा."

आणि खरंच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी गायब, हवा दमट, सगळं आकाश राखेच्या रंगाचं. बागवाला पाठीवर पंप घेऊन औषध फवारत फिरायला लागला आणि मी परात झाकून ठेवली. संक्रांतीला आठ दिवस उरले होते. तालुक्यात आभाळाकडे बघून शिव्या देणारे हजारो शेतकरी असतील, पण तिळासाठी शिव्या देणारा मी एकटाच असेन.

ते आभाळाचे दिवस मात्र घरात मजेत गेले. बाजारात हरभरा आला होता. हिने सुनेला घोळाणा करायला शिकवला. हरभऱ्याची कोवळी पानं खुडून धुवायची, त्यात कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ आणि कच्चं तेल, की झालं. शिजवायचं काही नाही. सून म्हणाली, "म्हणजे सॅलड." ही म्हणाली, "घोळाणा." बाजरीच्या भाकरीबरोबर सुनेने तो तीनदा मागून घेतला, आणि दुपारी मीटिंगमध्ये तिला ठसका लागला. कॅमेरा चालू होता, डोक्यावर माझी कानटोपी होती. तिच्या साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, बरी आहे, हरभरा आहे. आतल्या खोलीत आम्ही दोघं तोंडावर हात धरून हसत होतो.

तिसऱ्या रात्री वारा सुटला. सकाळी उठलो तर आकाश धुतल्यासारखं, आणि अंगणात पाय ठेवला की फरशी चावत होती. निफाडचं काय होतं ते मला माहीत नाही आणि मी पेपरही उघडला नाही. शेगडी उघड्यावर मांडली, परातीत नवे तीळ घेतले. आणि या वेळी तीही शाल पांघरून खुर्ची घेऊन बाहेर आली.

"मी नुसती बघणार," ती म्हणाली.

पाच मिनिटंही नुसतं बघवलं नाही. "अहो, हलकं. तिकीट फाडताय का? तीळ आहेत ते, उतरून पळत नाहीत." मी हलकं केलं. "आता एवढंही हलकं नको, खाली चिकटतील." मी जोर लावला. "परात पुसा आधी, ती साखरेची भुकटी राहिली की दाण्याला काटा धरत नाही." मी पुसली. माझं डोकं तापायला लागलं होतं. चाळीस वर्षं मी लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो, मला कुणी असं सांगायची सवय नाही. पण एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. ती परातीकडे बघतच नव्हती. डोळे मिटून ऐकत होती. तीळ ओले असले की आवाज दबका येतो, सुकले की सळसळतात, आणि आच जास्त झाली की तो आवाज एकदम चिकट होतो. "निखारा काढा एक," ती डोळे मिटूनच म्हणायची, आणि तेवढ्यात मला बोटाला चटका बसायचा.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलंत?"

दुसऱ्या सकाळी हलवा चांगला पांढरा झाला होता. मी एक दाणा उचलून तिच्या उजव्या हाताच्या चिमटीत ठेवला. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेच होतं, तांदूळ आणि टॉवेल. खरखरीत-गुळगुळीत. विचारलं, "टोचतोय का?"

तिने दाणा अंगठा आणि बोटात फिरवला. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हो. टोचतोय की."

मी आनंदाने वेडा व्हायचाच राहिलो. सुनेला हाक मारून सांगितलं. मुलाला पुण्याला फोन केला, तो मीटिंगमधून बाहेर येऊन बोलला. बागवाल्याला कुंपणावरून ओरडून सांगितलं. दुपारी तोच दाणा परातीच्या कडेला पडलेला दिसला, तो मी तोंडात टाकला. जिभेवर फिरवला. गुळगुळीत होता. मग परातीतला दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे गुळगुळीत. काटा अजून यायचाच होता.

मी आत गेलो. ती वाटाणे सोलत होती, डाव्या हाताने, शेंग गुडघ्यावर दाबून. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. राग आला की मी गाडीत चढतो आणि ब्रेक सापडत नाही. म्हणालो, "मला काय समजतेस? संपलेला पास दाखवायला मी कंडक्टर आहे का तुझा? त्याला काटाच आला नव्हता!"

ती शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे."

"मग खोटं का बोललीस?"

"रोज सकाळी विचारता तुम्ही," ती म्हणाली. "पाच महिने झाले. मी नाही म्हणते, आणि तुमचं तोंड उतरतं. मग दिवसभर मी तुमचं ते तोंड बघते. माझी बोटं गेली त्याचं मी काय करायचं ते करीन. पण रोज उठून तुम्हाला नाही म्हणायचा मला कंटाळा आलाय."

एवढं बोलून ती रडली. फार नाही, दोन-तीन वाटाण्यांपुरतं. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि शेंगा सोलायला लागलो. मला लाज वाटत होती. इतके दिवस मी समजत होतो, की मी तिची काळजी घेतोय. तिला रोज सकाळी माझी काळजी घ्यावी लागत होती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. वाटाणे संपल्यावर मी म्हणालो, "यापुढे विचारणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

ते पाळणं किती अवघड गेलं म्हणून सांगू. सकाळी उठलं की प्रश्न जिभेवर तयार असायचा. मी तो चहाबरोबर गिळायचो. त्याऐवजी विचारायचो, आच किती ठेवू, पाक पुरे का, परात पुसू का. आणि ती उत्तरं द्यायला लागली, भरपूर, मागितली त्यापेक्षा जास्त. माझी चूक निघाली नाही असा एकही तास जायचा नाही, आणि मला त्याचं सुख वाटायचं. ऊन तुळशीवर यायचं, सून लॅपटॉप घेऊन पायरीवर बसायची. बागवाला जाता जाता परातीत डोकावून जायचा. त्याची बाग वाचली होती. म्हणायचा, "लय भारी थंडी हाय, चालू द्या."

चौथ्या सकाळी काटा आला. मला वाटलं होतं हळूहळू दिसेल. तसं नाही झालं. आदल्या दिवशी नव्हता आणि त्या दिवशी उन्हात परात तिरकी धरली तर एकेक दाणा टोकाटोकांनी भरलेला. मी ओरडलो. सून धावत आली, तिने फोटो काढले. ही खुर्चीतून उठून वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. "बरा आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून बरा हा शब्द मी चाळीस वर्षांत जेवणाबद्दलही क्वचित ऐकलाय. मी दाणा तिच्या हातात दिला नाही. काही विचारलं नाही.

दागिने सुनेने ओवले. ही शेजारी बसून सांगायची, गाठ कुठे मारायची, जरीचा दोरा कुठे फिरवायचा. हार झाला, बांगड्या झाल्या, नथ झाली. नथ जरा मोठीच झाली, पण सून म्हणाली, फोटोत छान दिसेल.

संक्रांतीला संध्याकाळी बायका आल्या. मुलगा आदल्या दिवशीच आला होता, त्याला आणि मला स्वयंपाकघरात मसाला दूध गरम ठेवायला बसवलं होतं. मी दारात उभा राहून बघत होतो. सून काळ्या साडीत, अंगावर पांढरे काटेरी दागिने. मी केलेत म्हणून म्हणत नाही, पण सुंदर दिसत होती. ही मात्र म्हटल्याप्रमाणे बाजूला, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसलेली. साडी नेसली होती, पण हात पदराखाली.

सून कुंकवाचं ताट घेऊन पहिल्या बाईकडे गेली नाही. सरळ हिच्यासमोर येऊन खाली बसली आणि ताट पुढे केलं.

"मला आधी तुम्ही लावा, आई."

"अगं, वाकडं लागेल."

"लागू दे."

हिने सुनेकडे बघितलं, मग पदराखालून उजवा हात काढला. बोट कुंकवात बुडवलं, लागलंय की नाही ते डोळ्यांनी नीट बघून घेतलं, आणि कपाळाला लावलं. वाकडं लागलं. थोडं भुवईवर आलं, थोडं नाकावर सांडलं. सुनेने ते पुसलं नाही, तशीच उठली आणि नाकावरच्या कुंकवासकट सगळ्यांकडे बघून हसली. मग पहिल्या बाईने आपणहून कपाळ पुढे केलं. मग दुसरीने. वाकडं-तिकडं लागत गेलं. कुणीतरी म्हणालं, यंदाची फॅशन आहे, आणि बायका हसल्या, आणि हीसुद्धा हसली. मुलगा माझ्यामागे उभा राहून नाक ओढत होता. मी त्याला दूध ढवळायला सांगितलं.

कुंकू झाल्यावर तिने हलव्याची वाटी घेतली. उजव्या चिमटीत हलवा घेऊन एकेकीच्या हातावर ठेवत होती. "तिळगूळ घ्या, गोड बोला." काही दाणे खाली सांडत होते, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. पाच-सहा जणी झाल्या. सातवीच्या हातावर ठेवायला तिने चिमूट उचलली आणि हात तसाच अधांतरी थांबला. समोरची बाई ओंजळ धरून उभी राहिली.

तिने चिमूट सोडली नाही. अंगठा आणि बोट हळूच एकमेकांवर फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मान वर करून इतक्या बायकांच्या डोक्यांवरून तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली, "टोचतंय."

बायकांना काही कळेना. एकीने विचारलं, काय टोचतंय, टाचणी का? हिने तिकडे लक्ष दिलं नाही. अंगठ्याशेजारचं बोट वर करून मला दाखवलं.

"या एकाच बोटाला. बाकीच्यांना नाही."

मी काहीच विचारलं नव्हतं.